बोटीत दोनच माणसं: ‘द आफ्रिकन क्वीन’चा प्लॉट उलगडून बघताना

छातीएवढ्या पाण्यात उतरून एक माणूस खांद्यावर दोर घेऊन बोट ओढतोय. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेलं लव्हाळं, पाणी गढूळ, वाट म्हणावी अशी वाट नाहीच. थोड्या वेळाने तो बोटीवर चढतो आणि त्याच्या अंगाला जळवा चिकटलेल्या दिसतात. माणूस थरथरायला लागतो, त्याला जगात सगळ्यात जास्त किळस जळवांचीच आहे. बाई ओढून काढायला जाते तर तो ओरडतो की ओढू नका, तोंड आत राहतं, मीठ आणा. पावसाळ्यात आंबोलीला किंवा कोयनेच्या रानात जाऊन आलेल्या कुणालाही हा सीन समजावून सांगायला लागत नाही, आपणही मिठाची पुरचुंडी बांधूनच निघतो. मीठ लावून जळवा निघतात, तो जरा शांत होतो आणि मग पाण्याकडे बघतो. कारण बोट अजून तिथेच आहे, ओढणारा दुसरा कुणी नाहीये. तो फारसं काही न बोलता परत पाण्यात उतरतो.

हे दुसऱ्यांदा उतरणं मी किती वेळा मागे घेऊन पाहिलंय याचा हिशेब नाही. जंगलातल्या ॲडव्हेंचर फिल्मचा प्लॉट कसा चालतो आणि त्यात कॅरेक्टरचा ठरलेला साचा, म्हणजे ज्याला सगळे आर्किटाइप म्हणतात तो, कुठे कामाला येतो आणि कुठे सोडून द्यायचा असतो, हे मला त्या जागी पहिल्यांदा नीट कळलं.

आधी थोडी माहिती. ‘द आफ्रिकन क्वीन’ १९५१ चा सिनेमा, दिग्दर्शक जॉन ह्युस्टन, मूळ कादंबरी सी. एस. फॉरेस्टरची १९३५ ची, पटकथा जेम्स एजी आणि ह्युस्टनची, कॅमेरा जॅक कार्डिफचा. चार्ली ऑलनटच्या कामात हम्फ्री बोगार्ट, रोझ सेयरच्या कामात कॅथरिन हेपबर्न. बोगार्टला आयुष्यातलं एकुलतं एक ऑस्कर याच कामासाठी मिळालं. गोष्ट सप्टेंबर १९१४ ची, जागा जर्मन पूर्व आफ्रिका, पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलंय. लांबी पावणेदोन तासांच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक वेळ पडद्यावर एक खटारा स्टीम लाँच आणि त्यात ही दोनच माणसं.

मी या सिनेमाच्या मागे लागलो ते आमच्या स्क्रिप्टमुळे. मी आणि दोन मित्र तिलारीच्या बाजूच्या जंगलावर एक गोष्ट लिहीत होतो, रानात भरकटलेल्या पाच जणांची. साचे सगळे हजर होते, वाट माहीत असलेला गावकरी, शहरातला घमेंडी, घाबरट, हुशार मुलगी, लपवाछपवी करणारा एकजण. अडचणी पण भरपूर घातल्या होत्या, ओढ्याला पूर, बिबट्या, संपलेलं खाणं, सगळं. आणि तरीही चाळिसाव्या पानानंतर वाचणारा कंटाळत होता, तीन वेगवेगळ्या लोकांनी वाचून तिघांनी त्याच पानावर ठेवून दिलं. मग ठरवलं की ज्यात माणसं सगळ्यात कमी आणि वाट सगळ्यात सरळ असा एक जंगल सिनेमा घ्यायचा आणि त्याचा खिळा न खिळा काढून बघायचा.

सुरुवात चर्चमध्ये होते. गवताने शाकारलेलं चर्च, बाहेर ऊन, आत गावातले लोक उभे, रोझ घामाघूम होऊन पायपेटीवर प्रार्थनेचं गाणं वाजवतेय, तिचा भाऊ रेव्हरंड सॅम्युअल जीव तोडून गातोय आणि लोक आपापल्या सुरात काहीतरी म्हणतायत, एकाचा एकाशी मेळ नाही. तेवढ्यात बोटीची शिट्टी वाजते. चार्ली टपाल घेऊन आलाय. तो बाहेर अर्धवट ओढलेली सिगार फेकतो आणि तिच्यासाठी बाहेर झोंबाझोंबी होते, इकडे प्रार्थना विसकटते. दोन मिनिटांत दोन साचे पक्के. एकीकडे कडक, लग्न न झालेली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली मिशनरी बाई, दुसरीकडे दाढी वाढलेला, जिन पिणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा बोटवाला. आपल्याकडे कोकणात याला तांडेल म्हणतात, पण हा तांडेलही आणि खलाशीही, दोन्ही एकटाच.

यानंतरचा चहाचा सीन बघा. भाऊ-बहीण आणि चार्ली टेबलाशी बसलेत, पाव-लोणी, चहा, सगळं इंग्लंडमधल्यासारखं, आणि चार्लीचं पोट गुरगुरतं. एकदा नाही, परत परत. भाऊ-बहीण ऐकू न आल्यासारखं करतात. बिचारा चार्ली शेवटी सांगतोच की काय करू, थांबवता येत नाही. सीनमध्ये घडत काहीच नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोन साचे एकमेकांसमोर बसलेत आणि मधे भिंत आहे ती देहाची. ज्याचं शरीर आवाज करतं तो आणि ज्यांना शरीर आहे हेच मान्य नाही ती. पुढे सगळा सिनेमा ही भिंत पाडत जातो, घाम, पाऊस, चिखल, जळवा, आणि शेवटी प्रेम. सुरुवातीच्या दहा मिनिटांत पोटाच्या गुरगुरण्यातून जे पेरलंय तेच शेवटपर्यंत उगवतं.

मग जर्मन येतात, झोपड्या जाळतात, माणसं पकडून नेतात, सॅम्युअलला बंदुकीचा दस्ता बसतो, त्याच्या डोक्यावर परिणाम होतो, ताप चढतो आणि तो मरतो. चार्ली परत येतो, त्याला पुरायला मदत करतो आणि रोझला बोटीत घेतो. हा भाग सिनेमा भराभर उरकतो आणि बरंच करतो.

आता खरी गंमत. जोसेफ कॅम्पबेलने १९४९ मध्ये जगभरच्या पुराणकथा धुंडाळून नायकाच्या प्रवासाचा जो आराखडा मांडला त्यात पहिली पायरी म्हणजे हाक येते आणि दुसरी म्हणजे नायक आधी ती हाक नाकारतो. बहुतेक सिनेमात हाक देणारा कुणी म्हातारा गुरू नाहीतर एखादं पत्र असतं, आणि नायक एक सीनभर नको नको म्हणून मग निघतो. इथे हाक देते रोझ. बोटीत काय काय माल आहे याची ती चौकशी करते, तर स्फोटकाच्या पेट्या आणि गॅसचे सिलिंडर. चार्लीचं म्हणणं साधं आहे, एखाद्या बेटामागे बोट लपवू, खायला आहे, जिन आहे, लढाई संपेपर्यंत बसून राहू. आणि ती विचारते की मिस्टर ऑलनट, तुम्हाला टॉर्पेडो बनवता येईल का. खाली सरोवरात ‘लुईसा’ नावाची जर्मन गनबोट आहे, तिच्यामुळे इंग्रजांना तिकडून शिरता येत नाही, तर नदीतून खाली जाऊन आपल्या बोटीच्या नाकाला टॉर्पेडो लावून तिला उडवायचं. बोलतेय कोण, तर पायपेटीवर प्रार्थना वाजवणारी बाई.

म्हणजे नायकाचं काम इथे दोघांत वाटून टाकलंय. ध्येय तिचं, हात त्याचे. हिंमत तिची, नदीची माहिती त्याची. आणि ही वाटणी बोटीत डोळ्यांना दिसते, कारण सुकाणू तिच्या हातात येतं आणि बॉयलर त्याच्याकडे राहतो. एकट्याने हे सगळं करायचं तर दर थोड्या वेळाने बोट थांबवावी लागेल, लाकडं टाकायची, वाफ बघायची, पंप अडकला तर लाथ मारायची. हो, लाथ. चार्ली त्या इंजिनाला लाथ मारतो आणि रोझ विचारते की हे काय, नीट दुरुस्त का नाही करत. तर तो सांगतो की येईल करता, पण लाथ मारायला मला आवडतं, हिच्याशिवाय माझं आहे तरी कोण. एका वाक्यात तो माणूस किती एकटा आहे ते कळतं. दारुडा बोटवाला हा साचा तसा कुठूनही उचलता येतो, पण ही लाथ फक्त याचीच आहे.

रोझच्या बाबतीत अशीच गोष्ट शूटिंगच्या वेळी घडली. हेपबर्न सुरुवातीला फार गंभीर चेहऱ्याने काम करत होती. ह्युस्टन तिला म्हणाला की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनोर जखमी सैनिकांना भेटायला हॉस्पिटलमध्ये जायच्या तेव्हा जसं हसायच्या तसं हसू चेहऱ्यावर ठेवा. तिने स्वतःच पुढे लिहिलंय की याहून चांगली सूचना तिला कधी मिळाली नव्हती. फरक बघा ना, कडक मिशनरी बाई आठ्या घालून बसली असती तर ती नुसतीच खाष्ट वाटली असती, आणि हसू आल्यावर तीच बाई संकटात सभ्यपणा न सोडणारी, धीराची वाटते. साचा तोच, पण त्यात जीव आला.

चार्ली हाक नाकारतो ते एकदा नाही. आधी तोंडदेखलं हो म्हणतो, मनात हिशेब असा की पहिल्याच खळाळात ही घाबरेल आणि विषय संपेल. खळाळ येतो, बोट आपटत धोपटत पार होते, तो तिच्याकडे बघतो तर बाईचा चेहरा फुललेला. ती म्हणते की नुसत्या शरीराच्या अनुभवात एवढा आनंद असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि तुलना कशाशी करते, तर भावाच्या प्रवचनात कधी कधी जे वाटायचं त्याच्याशी. तिच्याकडे शब्द चर्चचेच आहेत, दुसरे आणणार कुठून. साचा बदलताना माणूस जुन्या शब्दांतच नवीन गोष्ट सांगतो, हे लिहिणाऱ्याने किती बारकाईने पकडलंय.

मग चार्ली पितो. भरपूर पितो, आणि जे आतापर्यंत सभ्यपणापायी बोलला नव्हता ते सगळं बोलतो, भजनं म्हणणारी वेडी हाडकुळी म्हातारी वगैरे, आणि मी कुठेही येणार नाही म्हणून सांगून टाकतो. सकाळी डोकं धरून उठतो तर समोर रोझ बसलीये, एकेक बाटली उघडतेय, नदीत ओततेय, रिकामी बाटली पाण्यात सोडतेय. घाई नाही, चिडचिड नाही. तो गयावया करतो, ती मान वर करत नाही. मग अबोला. तो दाढी करतो, बोट घासून पुसून लख्ख करतो, हवापाण्याच्या गप्पा काढून बघतो, ती बायबल वाचत बसलेली. त्याला वाटतं हिला पिण्याचा राग आलाय. तिला राग पिण्याचा नाहीच, शब्द फिरवल्याचा आहे. नदीतून खाली जाऊ असं तुम्ही कबूल केलं होतं, एवढंच तिचं म्हणणं.

इथे मला आमच्या स्क्रिप्टमधली चूक दिसली. आमच्याकडे पूर येत होता, बिबट्या येत होता, पण त्याने माणसांचं एकमेकांशी नातं बदलत नव्हतं, पूर ओसरला की सगळे जिथे होते तिथेच. या सिनेमात बिबट्या नाहीये, मगरी पाणघोडे दिसतात पण येता जाता. प्रत्येक अडचण पार झाली की दोघांतलं काहीतरी हललेलं असतं. पहिल्या रात्री पाऊस येतो, रोझ ताडपत्रीखाली झोपलीये, बाहेर भिजणारा चार्ली आत सरकायला बघतो तर ती ओरडून बाहेर काढते, आणि मग तो कसा चिंब भिजतोय ते बघून स्वतःच आत बोलावते. अडचण केवढीशी, पावसाची एक सर. पण सकाळी ती माणसं कालची नसतात.

नदीमुळे लेखकाचं अर्धं काम झालंय हेही खरं. नदी एकाच दिशेने वाहते, परत फिरायची सोय नाही, शेवट कुठे ते आधीच माहीत, सरोवर. जंगल म्हटलं की वाट हरवणं आलंच असं आपण धरून चालतो, आम्हीही तेच केलं होतं, आणि वाट हरवली की प्लॉटची वाट पण हरवते, कारण बघणाऱ्याला किती जवळ आलो किती लांब राहिलं ते कळतच नाही. इथे मात्र प्रेक्षकाच्या डोक्यात नकाशा पक्का आहे, आधी खळाळ, मग शोनाचा जर्मन किल्ला, मग मोठे खळाळ, मग लव्हाळ्याचा त्रिभुज प्रदेश, मग सरोवर. त्यामुळे लव्हाळ्यात जेव्हा वाट खरंच हरवते तेव्हा ती हरवल्याचं दुःख होतं.

शोनाचा किल्ला आणि त्यानंतरचे मोठे खळाळ यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. गोळ्या सुटतात, इंजिनाची नळी निसटते, वाफ गळते, चार्लीला गोळ्यांसमोर उठून ती जोडावी लागते, रोझ सुकाणू सोडत नाही, नेम धरणाऱ्या जर्मनाच्या डोळ्यावर नेमकं ऊन येतं, सुटलो म्हणेपर्यंत पुढे पाणी फेसाळतंय. ते पार झाल्यावर दोघं आनंदाने ओरडतात, मिठी मारतात, आणि मग मिठी मारलीये हे दोघांच्याही लक्षात येतं. आपल्या थिएटरात असतं तर इंटरव्हल इथेच पडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन येते आणि लाजत विचारते की तुमचं पाळण्यातलं नाव काय हो. मराठीत आपण अहोवरून अरेवर येतो तेव्हा जे होतं तेच, एवढा वेळ मिस्टर ऑलनट आणि मिस, आणि आता चार्ली आणि रोझी.

प्रेम झाल्यावर सिनेमे सहसा ढिले पडतात. इथे उलट होतं, कारण आता दोघांकडे गमवायला काहीतरी आहे. पुढच्या धबधब्यात बोटीचा शाफ्ट वाकतो आणि पंख्याचं पातं तुटतं. चार्ली म्हणतो, संपलं. रोझ एकामागून एक प्रश्न विचारत जाते, शाफ्ट काढता येणार नाही का, तापवून सरळ करता येणार नाही का, भट्टी लावता येणार नाही का. तो प्रत्येकाला नाही म्हणता म्हणता हो म्हणतो. काठावर भट्टी पेटते, तो बुडी मारून काम करतो, ती भाता चालवते. मला हा सीन फार आवडतो, कारण त्यात प्रेमाचा एक शब्द नाही आणि सगळं प्रेमच आहे. ध्येय तिचं आणि हात त्याचे ही वाटणीही इथून पुसट होते, तिचेही हात काळे होतात.

मग ते लव्हाळं, त्या जळवा. आता कळेल की दुसऱ्यांदा पाण्यात उतरण्याला एवढं वजन का आहे. सुरुवातीचा चार्ली हा बेटामागे लपून बसायचं म्हणणारा माणूस आहे, तोंडाने हो म्हणायचं आणि वेळ आली की मागे फिरायचं हा त्याचा स्वभाव. जिन ओतून दिली तेव्हा तो उतरला असता तर ते रोझच्या धाकाने झालं असतं. इथे तिने त्याला काहीही सांगितलेलं नाही, उलट ती त्याच्याकडे बघतेय आणि तिला ते बघवत नाहीये. हाक पहिल्यांदा त्याची स्वतःची झाली. सिनेमात भाषण देऊन माणूस बदलल्याचं सांगतात, या सिनेमात तो नुसता पाण्यात पाय टाकतो.

बोट चिखलात रुतते. आता ओढूनही हलत नाही, चार्ली तापाने पडलाय. त्याला वाटतं दोघांचाही शेवट आलाय. रोझ प्रार्थना करते, आणि ही प्रार्थना पहिल्या सीनमधल्यासारखी नाही. ती मागते की आमचा न्याय आमच्या दुबळेपणावरून करू नकोस, प्रेमावरून कर. कॅमेरा वर वर जातो आणि आपल्याला दिसतं की लव्हाळ्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, सरोवर पसरलंय. त्या दोघांना दिसत नाही, आपल्याला दिसतं. मग वरच्या डोंगरात पाऊस पडतो, नदी फुगते आणि रात्रीत बोट आपोआप तरंगून सरोवरात येते.

यावर पुष्कळ जण म्हणतात की ही लबाडी आहे, आभाळातून देव उतरवला. मला नाही पटत. पाऊस या सिनेमात नवीन आलेला नाही, पहिल्या रात्री तोच चार्लीला ताडपत्रीखाली घेऊन आला होता. शिवाय माणसाच्या हातात जेवढं होतं तेवढं सगळं त्यांनी करून झाल्यावर तो आलाय, आणि आल्यावरही त्यांना फक्त दारापर्यंत नेतो. आपल्या भरतमुनींनी कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात, आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. टॉर्पेडोची कल्पना हा आरंभ, शोनापर्यंतची धडपड हा प्रयत्न, मिठीपासून लव्हाळ्यापर्यंत मिळेल मिळेल आणि निसटेल निसटेल असं चाललेलं असतं ती प्राप्त्याशा, आणि बोट सरोवरात आली की नियताप्ती, आता फळ नक्की. हा आराखडा हातात धरून मी पुढचा भाग पाहिला तेव्हा जाणवलं की सिनेमा नेमका इथे धोका पत्करतो. टॉर्पेडो तयार होतात, कोणी जायचं यावर भांडण होतं, तो म्हणतो तू काठावर थांब, ती म्हणते तू थांब, शेवटी दोघंही निघतात. आणि वादळात बोट उलटते. सगळं गेलं.

शेवटाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दोघं लुईसावर पकडले जातात, चार्ली तिला वाचवायला खोटं बोलत असतो, रोझला समोर आणतात आणि ती ताठ मानेने सगळा बेत सांगून टाकते. फाशीची शिक्षा होते. चार्ली कॅप्टनला विनंती करतो की आधी आमचं लग्न लावा. कॅप्टन लग्न लावतो आणि त्याच दमात म्हणतो की चला, आता फाशीची तयारी करा. तेवढ्यात लुईसा पाण्यात उलट्या तरंगणाऱ्या ‘आफ्रिकन क्वीन’वर आदळते, टॉर्पेडो फुटतात. बघताना मजा येते, टाळ्या पडतात, पण हा योगायोग मला पावसाइतका कमावलेला वाटत नाही. कादंबरीत असं होत नाही, तिथे त्यांचा बेत फसतो आणि गनबोट बुडवतात त्या इंग्रजांच्या मोटारबोटी. खरा इतिहासही कादंबरीच्या जवळचा आहे. १९१५ मध्ये इंग्रजांनी मिमी आणि टूटू नावाच्या दोन मोटारबोटी दक्षिण आफ्रिकेतून काँगोमार्गे रेल्वेने आणि जंगलातून ओढत टांगानिका सरोवरावर नेल्या आणि तिथल्या जर्मन बोटींशी लढाई केली. तिथलं मोठं जर्मन जहाज ‘ग्राफ फॉन गोट्झन’ १९१६ मध्ये जर्मनांनी स्वतःच बुडवलं, इंग्रजांनी ते पुढे वर काढलं आणि ‘लिएम्बा’ या नावाने ते कित्येक दशकं त्याच सरोवरावर प्रवासी वाहत होतं. पण दोन माणसांच्या गोष्टीत तिसऱ्याच कुणीतरी येऊन शेवट केला असता तर पडद्यावर ते जमलं नसतं, हेही कळतं. ह्युस्टनने निदान स्फोट तरी त्यांच्याच हातच्या टॉर्पेडोंनी घडवला.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती दर वेळी जास्त खटकते. गावातले आफ्रिकन लोक. पहिल्या सीनमध्ये ते बेसूर गाणारा घोळका म्हणून येतात, सिगारसाठी झोंबणारा घोळका म्हणून दिसतात आणि झोपड्या जळाल्या की गोष्टीतून जातात. एकालाही नाव नाही. ज्यांना पकडून नेलं त्यांचं काय झालं हे पुन्हा कुणी विचारत नाही, रोझसुद्धा नाही. ज्यांची ही नदी, ज्यांचं हे रान, त्यांना साचासुद्धा मिळालेला नाही, ते नुसते मागचा पडदा. त्या काळातल्या जवळजवळ सगळ्याच जंगल सिनेमांचा हा दोष आहे, पण ज्याने एका लाथेतून एका माणसाचं एकटेपण दाखवलं त्याच्याकडून जास्तीची अपेक्षा होती. आमच्या स्क्रिप्टमध्ये वाट दाखवणारा गावकरी होता ना, त्याचंही आम्ही तेच केलं होतं हे मला हा सिनेमा बघताना दिसलं. तो वाट दाखवायचा आणि एका पानावर मरायचा, म्हणजे बाकीच्यांना घाबरता यावं. साचा आणि त्याचा मरायचा नंबर दोन्ही ठरलेले.

शूटिंगबद्दल थोडं, कारण त्याचा प्लॉटशी संबंध आहे. युगांडा आणि तेव्हाचं बेल्जियन काँगो इथे हे लोक खरोखर गेले, टेक्निकलरचा, म्हणजे रंगीत फिल्मचा, अवजड कॅमेरा घेऊन. खऱ्या बोटीत कॅमेरा, माणसं, लाइट एवढं मावेना म्हणून तराफ्यावर बोटीची नक्कल बांधून तिच्यावर सीन घेतले. बरेच जण पाण्याने आजारी पडले, हेपबर्नही. पाण्यात उतरायचे सीन नंतर लंडनच्या स्टुडिओत टाकीत झाले, कारण त्या नदीत माणूस उतरवणं धोक्याचं. जागाच एवढी कमी असल्यामुळे कॅमेऱ्याला दोन चेहरे सोडून फारसं कुठे जाता आलं नाही, आणि तेच सिनेमाच्या पथ्यावर पडलं. रान भव्य दाखवायच्या नादात माणसं मुंगीएवढी होतात, इथे ती शक्यता फार नव्हतीच.

आम्ही मग पाच जणांचे तीन केले. घमेंडी आणि लपवाछपवी करणारा एकच माणूस झाला, घाबरट आणि हुशार मुलगी एकच झाली. गावकरी मरत नाही, उलट तिसऱ्या भागात तोच परत फिरायला नकार देतो आणि का देतो याला त्याचं स्वतःचं कारण आहे, त्याच्या बहिणीचं घर तिलारीच्या धरणाच्या पाण्यात गेलंय. बिबट्या काढून टाकला. दर अडचणीनंतर एक साधी गोष्ट लिहायची ठरवली, पुढे कोण चालतंय. पुरानंतर पुढे चालणारा बदलला नसेल तर पूर कापायचा. दोन पूर गेले त्यात. जळवांचा सीन ठेवला नाही, तो त्यांचाच आहे.

आणि शेवटचं ते पोहणं. लुईसा बुडालीये, दोघं पाण्यात, समोर एक फळी तरंगत येते आणि तिच्यावर बोटीचं नाव. तेव्हा त्यांना कळतं की घडलं काय. मग पोहता पोहता रोझ विचारते की मला दिशाच कळेनाशी झालीये चार्ली, किनारा कुठल्या बाजूला. सगळ्या सिनेमाभर सुकाणू जिच्या हातात होतं ती हे विचारते. आणि ज्याला बेटामागे लपून बसायचं होतं तो तिला सांगतो, आपण पोहतोय ना, त्याच बाजूला.